प्रौढ अध्ययनार्थ्यांसाठी विद्यार्थीकेंद्री ऑनलाइन शिक्षणाची रचना : हरिहरेश्वरच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते त्या मुखाजवळ हरिहरेश्वर हे तीर्थक्षेत्र वसले आहे. देवदर्शनानंतर डोंगराला वळसा घालून किनाऱ्याच्या खडकांवरून प्रदक्षिणा करण्याची येथे प्रथा आहे. ही वाट ओहोटीच्या वेळीच मोकळी असते. भरती-ओहोटीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्याने आज सकाळी दहाला मोकळी असलेली वाट आठवड्याने त्याच वेळी पाण्याखाली जाते. गावातील जाणती माणसे तिथी पाहून ही वेळ सांगतात. त्यांना घड्याळ लागत नाही. अशा गावातील पंचेचाळिशीच्या व्यक्तीसमोर ‘दररोज सायंकाळी सात ते आठ, ऑनलाइन तास, उपस्थिती अनिवार्य’ असे वेळापत्रक ठेवले, तर ती व्यक्ती थोड्याच दिवसांत अभ्यासक्रमातून गळेल आणि महाविद्यालयाच्या दप्तरी तिची नोंद ‘अनियमित’ अशी होईल. वस्तुतः येथे अनियमित कोणाला म्हणावे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर बहुतेक महाविद्यालयांनी वर्गातील वेळापत्रक जसेच्या तसे पडद्यावर आणले. तातडीचा उपाय म्हणून ते समजण्यासारखे होते. परंतु तातडी संपल्यावरही ऑनलाइन शिक्षणाचा तोच साचा अनेक ठिकाणी कायम राहिला. त्याच वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रौढशिक्षण व आजीवन अध्ययन यांना स्वतंत्र प्रकरण देण्यात आले. परिणामी परिसरातील प्रौढांसाठी लहान मुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम ऑनलाइन पद्धतीने सुरू करण्याकडे महाविद्यालयांचा कल वाढणे स्वाभाविक आहे. असे अभ्यासक्रम आखताना विद्यार्थीकेंद्री या शब्दाचा प्रत्यक्ष अर्थ काय होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. आशय कोणत्या साधनाने पोहोचवावा हा प्रश्न यात दुय्यम आहे. शिकणाऱ्याचा वेळ, त्याचा व्यवसाय, त्याचा अनुभव आणि त्याच्या वाट्याला येणारे खंड हे रचनेच्या आरंभीच विचारात घ्यावे लागतात, ही या विवेचनामागील भूमिका आहे.

‘दूर’ या शब्दाचा अर्थ

हरिहरेश्वरच्या दक्षिणेला सावित्रीची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा लागतो. त्याच किनाऱ्यावर दापोली तालुक्यातील मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. विद्यार्थिदशेत त्या काळची एक सरकारी परीक्षा देण्यासाठी कर्वे मुरूडहून साताऱ्यापर्यंत, शंभराहून अधिक मैल, पायी गेले. तेथे पोहोचल्यावर ते सतरा वर्षांचे दिसत नाहीत या कारणावरून त्यांना परीक्षेला बसू देण्यात आले नाही. पुढे स्त्रीशिक्षणाचे एवढे मोठे कार्य उभे करणाऱ्या या पुरुषाच्या आत्मचरित्रातील हा प्रसंग मराठी वाचकांना परिचित आहे. जिद्दीची कथा म्हणून तो सांगितला जातो. मात्र शिक्षणाच्या रचनेच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मैलांचे अंतर कर्व्यांनी पायांनी संपवले; जे संपले नाही ते व्यवस्थेने निर्माण केलेले अंतर होते.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकापासून मांडलेल्या सिद्धान्ताचा गाभा नेमका हाच आहे. शिकणारा व शिकवणारा यांच्यातील खरे अंतर हे भौगोलिक नसून आंतरक्रियेचे असते, असे मूर म्हणतात. अभ्यासक्रमाची रचना किती ताठर आहे, संवादाला किती वाव आहे आणि शिकणाऱ्याला स्वतःचे निर्णय किती घेता येतात, या तीन घटकांवर ते अवलंबून असते. साठ मिनिटांचे ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान हरिहरेश्वरच्या घरातल्या भ्रमणध्वनीवर क्षणात पोहोचते. पण त्यात प्रश्न विचारण्याची सोय नसेल, तर मूर यांच्या अर्थाने ते शिक्षण साताऱ्याइतकेच दूर आहे. उलटपक्षी टपालाने आलेली, शिकणाऱ्याशी बोलल्यासारखी लिहिलेली पुस्तिका आणि त्यावर आठवड्यात मिळणारा प्रतिसाद यांमुळे हे अंतर बरेच कमी होऊ शकते. बोर्ये होल्मबेर्ग यांनी दूरशिक्षणाच्या लिखित साहित्याला ‘मार्गदर्शनपर संवाद’ मानले ते याच अर्थाने.

प्रौढ अध्ययनार्थी : संकल्पना आणि तिची मर्यादा

प्रौढांच्या अध्ययनाची स्वतंत्र मांडणी करणाऱ्यांत अमेरिकन अभ्यासक माल्कम नोल्स यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. प्रौढ व्यक्ती स्वतःच्या अध्ययनाची दिशा स्वतः ठरवू इच्छिते, तिच्याजवळ अनुभवाचा साठा असतो, जीवनातील भूमिकांमुळे तिची अध्ययनाची तयारी निर्माण होते, विषयापेक्षा समस्या सोडवण्याकडे तिचा ओढा असतो आणि तिची प्रेरणा बहुतांशी आंतरिक असते, ही त्यांची गृहीतके सर्वज्ञात आहेत. बी.एड. व एम.एड.च्या वर्गांत ती मुद्द्यांच्या स्वरूपात पाठ केली जातात आणि तेथेच थांबतात.

नोल्स यांच्या विचारात झालेला एक बदल मात्र फारसा सांगितला जात नाही. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या उपशीर्षकात बालशिक्षण आणि प्रौढशिक्षण यांना एकमेकांच्या विरोधात उभे केले होते. १९८० च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी ते बदलून ‘बालशिक्षणाकडून प्रौढशिक्षणाकडे’ अशा अर्थाचे केले. म्हणजे स्वयंदिशा हा वय वाढले की आपोआप येणारा गुण नाही, शिकणारा त्याकडे क्रमाने जातो, ही जाण त्यांना आली होती. जेराल्ड ग्रो यांनी १९९१ मध्ये याच धाग्याने परावलंबी अध्ययनार्थ्यापासून स्वयंदिग्दर्शित अध्ययनार्थ्यापर्यंतचे चार टप्पे मांडले आणि अध्यापकाची भूमिका टप्प्यानुसार बदलली पाहिजे, असे दाखवून दिले.

आपल्याकडील परिस्थितीत या मुद्द्याचे महत्त्व विशेष आहे. तीस वर्षांपूर्वी आठवी-नववीत शाळा सोडलेल्या व्यक्तीच्या मनात शिक्षणाची जी प्रतिमा आहे, तीत फळा, छडी, पाठांतर आणि चुकल्यावरचे हसू आहे. घराचा व्यवहार, शेती, बाजारहाट यांचे निर्णय रोज घेणारी हीच व्यक्ती ‘अभ्यास’ हा शब्द ऐकताच ‘काय करायचं ते तुम्हीच सांगा’ असे म्हणते. तिला पहिल्याच दिवशी ‘तुमची अध्ययन-उद्दिष्टे तुम्हीच ठरवा’ असे सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला खाडीत सोडून देण्यासारखे होईल. विद्यार्थीकेंद्री शिक्षण म्हणजे विद्यार्थ्याला एकटे सोडणे, असा एक गैरसमज ऑनलाइन शिक्षणाच्या प्रसारात खोलवर रुजला आहे. जगभरातील विनामूल्य मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांत नोंदणी करणाऱ्यांपैकी फार थोडे जण शेवटपर्यंत टिकतात, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. त्याचा दोष शिकणाऱ्यांच्या चिकाटीवर टाकण्यापूर्वी त्यांच्या सोबतीला कोण होते, हे पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रातील पूर्वानुभव

प्रौढांच्या वेळेनुसार शाळा भरवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. शिकणारा दिवसा मोकळा नाही, या साध्या वस्तुस्थितीपासून त्या शाळेची रचना सुरू झाली होती. अलीकडील उदाहरण ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘आजीबाईंच्या शाळे’चे आहे. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या शाळेत साठीच्या पुढील स्त्रिया घरची कामे आटोपल्यावर दुपारी येत. आपल्यालाही ग्रंथ वाचता यावा, ही त्यांची इच्छा या शाळेला निमित्त झाली होती. पाठ्यपुस्तक त्यानंतर आले.

या दृष्टीने सर्वांत मोठा प्रयोग यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा होय. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या काळात मराठीतून स्वयंअध्ययन साहित्य तयार करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचे बोधवाक्य. औपचारिक शिक्षण अर्धवट राहिलेल्या प्रौढांना पदवीपर्यंत जाता यावे, म्हणून विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम ठेवला होता. स्वयंअध्ययन पुस्तिका, गावाजवळचे अभ्यासकेंद्र, ठरावीक संपर्कसत्रे आणि शिकवण्याऐवजी अडचणी सोडवणारा ‘समंत्रक’ या चार गोष्टींवर ही रचना उभी राहिली. ‘समंत्रक’ हा शब्दच पाहण्यासारखा आहे. प्राध्यापक आणि शिक्षक हे प्रचलित शब्द हाताशी असताना वेगळी भूमिका सांगण्यासाठी वेगळा शब्द योजला गेला. अनेक अभ्यासकेंद्रांत रविवारचे संपर्कसत्र पुन्हा व्याख्यानच होऊन बसले, ही गोष्ट निराळी. संकल्पनेपेक्षा सवय बलवत्तर ठरते, याचे ते उदाहरण आहे.

२००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमानेही हाच धडा दिला. नोकरीतील अटीमुळे त्यात मोठ्या संख्येने प्रौढ आले. संगणकावर मराठीतून स्वतःच्या गतीने पाहता येणारा आशय आणि शेजारी मदतीला उभा असलेला माणूस, अशी त्याची घडण होती. माउस प्रथमच हाती धरणाऱ्या कर्मचाऱ्याला या दुसऱ्या घटकाचे मोल पहिल्याहून अधिक वाटले असल्यास नवल नाही.

हरिहरेश्वरातील अध्ययनार्थी

हरिहरेश्वर व परिसरातील अर्थव्यवहार सुपारी-नारळाच्या वाड्या, भातशेती, मासेमारी, मुंबईतील नोकरीतून येणारा पैसा आणि पर्यटन यांवर चालतो. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातील सुपारी-नारळाच्या वाड्या मोठ्या प्रमाणावर आडव्या केल्या, विजेचे खांब पाडले आणि अनेक गावे दीर्घकाळ अंधारात ठेवली. सुपारीची नवी लागवड उत्पन्न देऊ लागण्यास पाच ते आठ वर्षे लागतात. वाडीचे उत्पन्न बुडालेल्या कुटुंबाला घरातील दोन-तीन खोल्या पर्यटकांना देणे व घरगुती जेवण पुरवणे हाच जवळचा आधार उरतो आणि या व्यवसायाचा बहुतेक भार घरातील स्त्रीवर असतो.

या स्त्रीला कोणते शिक्षण हवे आहे? स्वयंपाक व आतिथ्य तिला कोणी शिकवण्याची गरज नाही. तिची अडचण वेगळी आहे. पर्यटक आता खोली भ्रमणध्वनीवरून आधीच ठरवतात. आरक्षणाची संकेतस्थळे प्रामुख्याने इंग्रजीत असतात. त्यांचे शुल्क, परताव्याचे नियम आणि ग्राहकांचे अभिप्राय यांचा तिच्या उत्पन्नावर थेट परिणाम होतो. हे व्यवहार कळत नाहीत म्हणून ते मुलाकडे, भाच्याकडे किंवा एखाद्या मध्यस्थाकडे सोपवले जातात. कष्ट तिचे आणि हिशेब दुसऱ्याच्या हाती, अशी ही स्थिती आहे. ‘घरगुती निवास-व्यवस्थेचा हिशेब व ग्राहकसंवाद’ असा एखादा तीन महिन्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाने आखावयाचा ठरवला, तर त्याची रचना कशी असावी, हे उदाहरण पुढील विवेचनासाठी घेतले आहे.

वेळ आणि हंगाम

रचनेची पहिली पायरी म्हणजे शिकणाऱ्याच्या आठवड्याचा आणि वर्षाचा तक्ता. शुक्रवार सायंकाळ ते रविवार दुपार पाहुण्यांची असते; सोमवार चादरी धुण्याचा आणि आवराआवरीचा. मंगळवार ते गुरुवार दुपारी जेवणानंतर तास-दीड तास मिळाला तर मिळतो. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत हंगाम. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पर्यटक कमी होतात, परंतु भाताची लावणी येते. १ जूनपासून सुमारे दोन महिने यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने कोळी कुटुंबांना हा काळ तुलनेने मोकळा, तर शेती असलेल्यांना गर्दीचा. लावणी आटोपल्यापासून गणपतीपर्यंतचे दिवस बहुतेकांना सोयीचे. विद्यापीठीय सत्राचा या तक्त्याशी काहीही संबंध नाही. प्रवेश, आशय आणि मूल्यमापन यांच्या तारखा या तक्त्यावरून ठरल्या पाहिजेत. लहान अभ्यासक्रमांच्या बाबतीत महाविद्यालयाला तेवढी मोकळीक निश्चितच असते.

समकालिक तास, म्हणजे सर्वांनी एकाच वेळी उपस्थित राहण्याचा तास, पंधरवड्यातून एकदाच ठेवावा आणि तोही ऐच्छिक असावा. उरलेले सर्व आपापल्या वेळी करता येण्याजोगे हवे. एडएक्स या मंचावरील लक्षावधी पाहण्यांच्या २०१४ मधील विश्लेषणात असे दिसले की, चित्रफीत कितीही लांबीची असली तरी पाहणाऱ्याचे लक्ष साधारणतः सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही. तेथे पाहणारे बहुधा खुर्चीत बसून पाहत होते. चुलीवर आमटी ठेवून ऐकणाऱ्या व्यक्तीला पाच-सहा मिनिटांचा ध्वनिमुद्रित पाठ चित्रफितीपेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण त्यासाठी नजर आणि हात अडकत नाहीत.

साधनांचा क्रमही याच विचाराने लावता येईल. आधी छापील पुस्तिका, मग ध्वनिपाठ, त्यानंतर एखादे छायाचित्र किंवा छोटी चित्रफीत आणि सर्वांत शेवटी थेट तास. महाविद्यालये बहुधा हा क्रम उलटा लावतात. निसर्ग वादळानंतर वीज आणि भ्रमणध्वनीची यंत्रणा दोन्ही कोलमडली असताना देशभर ऑनलाइन वर्गांची चर्चा चालू होती, हे विसरता येणार नाही. कागदही भिजतो, हे खरे. पण तो वाळवता येतो. शिवाय घरातील एकुलता एक चांगला भ्रमणध्वनी दिवसभर मुलाच्या हाती असतो, रेंज घराच्या एकाच कोपऱ्यात येते आणि महिनाअखेरीस डेटा संपतो, या गोष्टी अपवाद म्हणून धरता येत नाहीत. त्या गृहीतच धराव्या लागतात.

अनुभव हाच आशय

अशा अभ्यासक्रमाचा पहिला घटक प्रचलित पद्धतीने लिहिला, तर तो ‘लेखांकनाची व्याख्या, अर्थ व महत्त्व’ असा सुरू होईल. प्रौढ अध्ययनार्थ्यासाठी तो तिच्या मागील शनिवार-रविवारपासून सुरू झाला पाहिजे. किती पाहुणे आले, त्यांच्याकडून किती घेतले, बाजार किती झाला, गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरतो, हे पहिल्या आठवड्यात फक्त लिहून काढायचे, किंवा लिहिणे अवघड असल्यास ध्वनिसंदेशाने सांगायचे. त्या कच्च्या नोंदीतूनच जमा, खर्च, घसारा आणि नफा या संज्ञा पुढे येतात.

उदाहरणादाखल, एका खोलीचे रात्रीचे भाडे २००० रुपये आणि संकेतस्थळाचे शुल्क २० टक्के धरले, तर हाती १६०० रुपये येतात. तोच पाहुणा पुढील वेळी थेट दूरध्वनी करून आला आणि त्याच्याकडून १८०० रुपये घेतले, तर पाहुण्याचे २०० वाचतात आणि घरमालकिणीला २०० अधिक मिळतात. हा हिशेब अनेकींनी मनात कधीच केलेला असतो. तो कागदावर आला की पुढचे प्रश्न त्याच विचारतात. सोळाशेंतून धुलाई, वीज आणि चहा-नाश्ता वजा केल्यावर काय उरते? स्वतःच्या श्रमाचे मोल धरायचे की नाही? या शेवटच्या प्रश्नापाशी अध्यापकाने थांबून पुरेसा वेळ द्यावा. स्वयंपाक, धुणी, झाडलोट यांची किंमत हिशेबात कधीच धरलेली नसल्याने व्यवसाय ‘फायद्यात’ दिसत होता, हे लक्षात येण्याचा तो क्षण असतो. जॅक मेझिरो यांनी ज्याला परिवर्तनशील अध्ययन म्हटले, म्हणजे स्वतःच्या गृहीतकांकडेच नव्याने पाहणे, त्याची शक्यता अशा साध्या वहीतही असते. व्याख्येपासून सुरू झालेल्या पाठात मात्र ती क्वचितच येते.

चर्चामंच आणि शेजारीण

ऑनलाइन अध्ययनाच्या साहित्यात सहअध्ययनावर मोठा भर आहे. गॅरिसन, अँडरसन व आर्चर यांनी २००० मध्ये मांडलेल्या ‘अन्वेषक समुदाया’च्या प्रतिमानात बोधात्मक, सामाजिक व अध्यापनविषयक अशा तीन उपस्थिती मानल्या आहेत. ‘स्वयम्’ या केंद्र शासनाच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या मंचाच्या चतुष्पाद रचनेतही चर्चामंच हा एक पाद आहे. तत्त्व मान्य करूनही लहान गावात त्याचा विचार निराळ्या पद्धतीने करावा लागतो. परस्परांना अनोळखी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी चर्चामंच ओळख निर्माण करतो. हरिहरेश्वरसारख्या गावात ओळख आधीच आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. व्हॉट्सॲपच्या एकाच गटात जावा, नणंदा, शेजारणी आणि एकाच पर्यटकाच्या मागे असलेल्या प्रतिस्पर्धी असतात. ‘तुमच्या खोलीचे दर व नफा गटावर लिहा’ असा स्वाध्याय दिला तर उत्तर येणार नाही, किंवा आले तर खरे असणार नाही. हे असहकार्य मानू नये. तो व्यवहारज्ञानाचा भाग आहे. चूक झाली तर ती आळीभर होईल, ही भीतीही त्यात असते.

यास्तव काय सर्वांसमोर आणि काय एकांतात, याची विभागणी रचनेतच केली पाहिजे. दर, नफा, कर्ज आणि स्वाध्यायातील चुका यांविषयीचा संवाद समंत्रक व अध्ययनार्थी या दोघांतच राहावा. गटावर मात्र सर्वांचे हित एकत्र असलेले विषय यावेत. मद्यपान करून गोंधळ घालणाऱ्या पाहुण्यांशी कसे वागावे, भरतीच्या वेळी खडकांवर जाऊ पाहणाऱ्यांना कोणत्या शब्दांत अडवावे, आगाऊ रक्कम घेऊन आरक्षण रद्द झाल्यास कोणता नियम सर्वांनी पाळावा, असे हे विषय आहेत. यांत प्रत्येकीजवळ सांगण्यासारखे काही असते आणि सांगितल्याने तोटा होत नाही.

अध्यापकाचा वेळ

वरील रचनेत सर्वाधिक खर्च होणारी गोष्ट म्हणजे अध्यापकाचा वेळ, आणि या बाबतीत प्रचलित व्यवस्था प्रतिकूल आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तास ठरवण्यात आला. त्याच विनियमांत चार पादांचा संपूर्ण मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम किंवा ई-आशय तयार करण्यास गुण दिले गेले. आशय निर्माण करणे मोजता येते म्हणून त्याला गुण मिळाले. चाळीस स्त्रियांचे ध्वनिसंदेश ऐकून प्रत्येकीला तिच्या हिशेबाविषयी दोन मिनिटांचे उत्तर देणे यासाठी मात्र तक्त्यात रकाना नाही. साध्या गणिताने पाहिले, तर एका फेरीत चाळीस जणींचे ऐकणे व उत्तर देणे याला किमान अडीच-तीन तास लागतात. बारा आठवड्यांत हे तीस तासांच्या वर जाते. चित्रफितींचा संच एकदा तयार केला की वर्षानुवर्षे चालतो आणि अहवालातही शोभून दिसतो. महाविद्यालये आशयाकडे वळतात आणि सोबतीकडे दुर्लक्ष करतात, याचे मूळ अध्यापकांच्या अनास्थेपेक्षा या मोजमापात अधिक आहे.

महाविद्यालयाला आपल्या पातळीवर काही करता येते. अशा अभ्यासक्रमातील प्रतिसादाचे तास स्थानिक कार्यभारात धरणे, विद्यार्थिसंख्या पंचवीसच्या आत ठेवणे आणि पहिल्या तुकडीतून पूर्ण करून गेलेल्या एक-दोन स्त्रियांना मानधनावर सहायक म्हणून घेणे, हे तीन उपाय खर्चिक नाहीत. तिसऱ्या उपायाचा लाभ दुहेरी आहे. ‘हे मला जमेल का?’ या प्रश्नाला प्राध्यापकाच्या आश्वासनापेक्षा पलीकडच्या आळीतील बाईचे ‘मला जमलं’ हे उत्तर अधिक पटते.

दुसऱ्या आठवड्यातील दूरध्वनीचा येथे मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो. पहिल्या आठवड्याचा उत्साह ओसरतो आणि पहिला स्वाध्याय राहून जातो तो याच सुमारास. राहिलेल्या स्वाध्यायाची लाज वाटून पुढचे पाठ उघडलेच जात नाहीत. ‘स्वाध्याय का दिला नाही’ असे न विचारता ‘या आठवड्यात पाहुणे फार होते का’ असे विचारणारा एक दूरध्वनी या क्षणी संगणकाने आपोआप पाठवलेल्या दहा स्मरणपत्रांचे काम करतो.

मूल्यमापन आणि परतीची वाट

स्मरणाला ताण देणारी छोटी, वारंवार होणारी आणि गुण नसलेली चाचणी अध्ययन पक्के करते, हे रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगांपासून चांगले प्रस्थापित झाले आहे. तीन प्रश्नांचा ध्वनिसंदेश आणि त्याला तोंडी उत्तर, एवढ्याने हे साधते. अंतिम मूल्यमापनासाठी लेखी परीक्षा घेण्याचे प्रयोजन नाही. एका हंगामाची हिशेबवही, स्वतःच्या निवासाचे मराठीत व सोप्या इंग्रजीत केलेले वर्णन आणि एका तक्रार करणाऱ्या ग्राहकाला दिलेले उत्तर, हे तीन पुरावे पुरेसे आहेत. ते घरी, पुस्तिका उघडी ठेवून, वेळ घेऊन तयार करता येतात. नक्कल होईल ही शंका येथे फारशी लागू पडत नाही, कारण दुसरीची हिशेबवही उतरवून पहिलीचा हिशेब जुळत नाही.

राहता राहिला प्रश्न खंडाचा. डिसेंबरच्या अखेरीस घर पाहुण्यांनी भरले, घरात आजारपण आले, लग्न निघाले किंवा पुन्हा एखादे वादळ आले, तर अध्ययन थांबणारच. पारंपरिक नियमांनुसार अशा व्यक्तीने पुढील वर्षी नव्याने शुल्क भरून पहिल्या घटकापासून सुरुवात करावी लागते. हा नियम बदलणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. प्रत्येक घटक स्वतंत्रपणे पूर्ण झाल्याची नोंद ठेवावी, ती नोंद दोन वर्षे ग्राह्य धरावी आणि वर्षातून दोनदा, लावणी आटोपल्यावर आणि गणपतीनंतर, कोणत्याही घटकापासून पुन्हा सुरुवात करण्याची मुभा द्यावी. चौथ्या घटकापाशी थांबलेली स्त्री सात-आठ महिन्यांनी परत आली, तर तिला पाचव्या घटकाची पुस्तिका द्यावी आणि आधीच्या चार घटकांची उजळणी म्हणून मधल्या हंगामातील तिचीच हिशेबवही घेऊन बसावे. नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘गळती’ ऐवजी ‘खंड’ असा शेरा असावा.